कलम १६ चा विमा आमच्या हातात कधी येणार?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी: भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद.

विषय: रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याच्या कलम १६ प्रमाणे बांधकामातल्या दोषांपासून घरमालकांना विम्याचं संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी ठाणे जिल्ह्यातल्या ३२ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. आमच्या इमारतीचा ताबा जून २०१८ मध्ये मिळाला. भोगवटा प्रमाणपत्र आहे, महारेराचा नोंदणी क्रमांक आहे, बहुतेकांची कर्जं राष्ट्रीयीकृत बँकांची आहेत. घर घेताना माणसाने जी काळजी घ्यायची ती आम्ही सगळ्यांनी घेतली होती. हे आधीच सांगते, कारण आमची गोष्ट ऐकल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कागदपत्रं नीट पाहिली नव्हती का?"

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पार्किंगमधल्या लिफ्टशेजारच्या कॉलमवर मला तांबूस रेघा दिसल्या. एकाखाली एक, साधारण वीतभर अंतराने, वहीत पट्टीने आखाव्यात तशा सरळ. वॉचमन म्हणाला, पावसाचं पाणी ओघळलं असेल. ओला फडका घेऊन पुसून पाहिलं, पण रेघा गेल्या नाहीत. शिवाय पाण्याचा ओघळ उभा असतो आणि या रेघा आडव्या होत्या. पुढच्या आठवड्यात आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी छोट्या हातोडीने कॉलम ठोकत ठोकत वरून खाली आणला. काही ठिकाणी ठणठणीत आवाज आला, तर काही ठिकाणी माठ वाजवल्यासारखा पोकळ. मग ते म्हणाले, "ताई, या रेघा म्हणजे आतल्या रिंगा आहेत, उभ्या सळयांना बांधणाऱ्या. त्या गंजल्यात आणि गंज बाहेर दिसायला लागलाय."

त्यांनी कॉलमचा थोडा भाग फोडून दाखवला. नकाशाप्रमाणे सळईवर ४० मिलीमीटर काँक्रीटचं कव्हर असायला हवं होतं. प्रत्यक्षात रिंगेवर बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. स्लॅब किंवा कॉलम भरताना सळई साच्याला चिकटू नये म्हणून मध्ये सिमेंटचे छोटे कव्हर ब्लॉक ठेवतात. एक ब्लॉक काही रुपयांना मिळतो. ते ठेवलेच नव्हते किंवा काँक्रीट ओतताना सरकले आणि कोणी पाहिलं नाही. इंजिनिअरांनी एक हिशेब सांगितला तो मला पाठ झालाय: हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळईपर्यंत पोहोचला की सळईचं संरक्षण जातं, आणि कव्हर निम्मं ठेवलं तर तो तिथे निम्म्या नाही, साधारण एक चतुर्थांश काळातच पोहोचतो. पुढे गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. आपण ज्याला पोपडे म्हणतो ते त्या ढकलण्याने पडतात.

पहिल्या मजल्याखालच्या बीमला एक तिरकी भेग होती. ती जुनी आहे की वाढते आहे हे पाहायला त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि मार्करने तारीख लिहिली. पट्टी शाबूत राहिली तर भेग थांबलेली आहे, तडकली तर चालू आहे, असं साधं गणित. अकराव्या दिवशी ती मधोमध तडकली. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतली लहान मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत होती. त्यांना वर पाठवताना मला जे वाटलं ते इथे नीट लिहिता येणार नाही.

दुरुस्तीचा अंदाज ५४ लाखांचा आला. जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर), गंज काढणं, मायक्रोकाँक्रीट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने. म्हणजे सदनिकेमागे जवळपास १ लाख ६९ हजार. आदर्श उपविधींप्रमाणे आम्ही बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड दरवर्षी नियमित जमा केला होता. तो सगळा मिळून या रकमेच्या पाचव्या हिश्शाएवढाही नव्हता, कारण ते निधी वयाने येणाऱ्या झिजेसाठी असतात. चार वर्षांच्या इमारतीचे कॉलम सोलून काढायची वेळ येईल असं गृहीत धरून ते आकडे कोणी ठरवलेले नाहीत.

आता आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे.

सर्वात आधी विम्याकडे गेलो. गृहकर्जासोबत बँकेने दिलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आमच्यापैकी अनेकांकडे आहे, माझ्याकडेही आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते, आणि आग, भूकंप, पूर, वादळ, दरड यासाठी ती खरोखर चांगली आहे. घराची रक्कम कमी लावली म्हणून दावा कापता येत नाही आणि घरातल्या सामानालाही काही प्रमाणात आपोआप संरक्षण मिळतं. पण तिच्यात ज्या घटनांची यादी आहे त्यात "आत कव्हर कमी ठेवलं म्हणून सळई गंजली" ही घटना नाही. जमीन खचण्याचं कलम वाचून थोडी आशा वाटली होती. तिथेच खाली स्पष्ट लिहिलं आहे की नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष आराखडा, सदोष कारागिरी आणि सदोष साहित्य यांची भरपाई मिळणार नाही. सोसायटीची उपविधींनुसार घेतलेली आग आणि भूकंपाची पॉलिसीही तिथेच थांबते. विमा कंपनीने दावा नाकारला त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जे विकलंच नव्हतं ते त्यांच्याकडे मागायला मी गेले होते.

मग इमारत बांधताना काही विमा होता का, हे शोधलं. मोठ्या साइटवर काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क नावाची पॉलिसी असते. काम चालू असताना पूर आला, आग लागली, क्रेन कोसळली, शेजारच्या इमारतीला खोदाईने धक्का बसला, तर ती उपयोगी पडते. ती ठेकेदाराची असते. निकृष्ट कामामुळे शेजारचा चांगला भाग मोडला तर त्याचे पैसे ती देते, पण निकृष्ट भाग पुन्हा करून द्यायचे देत नाही. आणि काम संपून देखभालीचा ठरलेला काळ सरला की ती संपते. म्हणजे बांधणाऱ्याच्या पॉलिसीचा शेवट आणि राहणाऱ्याच्या पॉलिसीची सुरुवात यांच्यामध्ये एक दरी आहे. आमची ३२ कुटुंबं नेमकी त्या दरीत आहेत.

उरला कायदा. कायदा आमच्या बाजूचा आहे आणि तो चांगला कायदा आहे. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई द्यायची. आधीच्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्यात हा काळ तीन वर्षांचा होता. आम्ही मुदतीच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, इंजिनिअरांच्या अहवालासह नोटीस दिली. पहिलं उत्तर आलं की भेगा नैसर्गिक आहेत. दुसऱ्या नोटिशीला उत्तर नाही. तिसरी नोटीस "पत्त्यावर कोणी नाही" असा शेरा घेऊन परत आली. आमचा प्रकल्प ज्या फर्मने केला ती फक्त त्याच प्रकल्पासाठी काढलेली होती. सदनिका विकल्या, खाती मिटवली, फर्म रिकामी झाली. महारेरा प्राधिकरणाकडून आदेश आमच्या बाजूने लागला. वसुलीचं वॉरंट निघालं, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायचं म्हणून महसूल खात्याकडे गेलं. तिथून कळलं की फर्मच्या नावावर जप्त करण्यासारखं काहीच नाही.

महोदय, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे: कायद्याने जबाबदारी ठरवली, पण ती निभावायला लागणारा पैसा कुठेही बाजूला ठेवून घेतला नाही. माझ्या फाइलमध्ये आदेशाची प्रमाणित प्रत आहे. कॉलमला जॅकेटिंग मात्र आम्ही पदरचे पैसे घालून केलं, तेही अर्ध्याच. सगळ्यांकडे पैसे नव्हते. एका कुटुंबाने घर विकायला काढलं, तर घेणाऱ्याच्या बँकेने स्ट्रक्चरल अहवाल मागितला आणि कर्ज नाकारलं. ते कुटुंब आजही इथेच आहे, हप्ता भरत.

आणि हा पैसा बाजूला ठेवून घ्यायची तरतूद याच कायद्यात आहे, हे मला नंतर कळलं. कलम १६. प्रवर्तकाने शासन अधिसूचित करील ते सर्व विमे घ्यायचे, त्यात जमीन व इमारतीच्या मालकी हक्काचा विमा आणि बांधकामाचा विमा. हप्ता प्रवर्तकाने भरायचा. विक्री करार होताच त्या विम्याचा लाभ सदनिका घेणाऱ्याकडे जायचा. आणि संस्था स्थापन झाली की विम्याची सगळी कागदपत्रं संस्थेच्या ताब्यात द्यायची. किती विचारपूर्वक लिहिलेलं कलम आहे हे! फक्त ते "शासन अधिसूचित करील" या तीन शब्दांवर टांगलेलं आहे. कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. आम्हाला हस्तांतराच्या वेळी मिळालेल्या फाइलमध्ये लिफ्टचं वॉरंटी कार्ड होतं, पाण्याच्या पंपाचं होतं, मुख्य दरवाजाच्या कुलपाचंही होतं. इमारतीचं काहीच नव्हतं.

आमच्यासारखी वेळ दुसऱ्या देशांवरही आली होती, आणि त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जपानने २००० साली लागू झालेल्या कायद्याने नव्या घराच्या मुख्य रचनेसाठी आणि पाणीगळतीसाठी बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी टाकली. म्हणजे आपल्या दुप्पट. पण त्यामागे पैसा नव्हता. २००५ च्या शेवटी उघड झालं की एका वास्तुविशारदाने भूकंपरोधाची गणितं खोटी करून कितीतरी इमारती उभ्या केल्या होत्या. इमारती पाडाव्या लागल्या, त्यातल्या अनेक सदनिका विकणारी कंपनी दिवाळखोर झाली आणि दहा वर्षांचा हक्क कागदावर राहिला. लोक पाडलेल्या घराचं कर्ज फेडत बसले. जपान सरकारने यातून धडा घेतला तो असा: २००७ मध्ये आणखी एक कायदा केला आणि १ ऑक्टोबर २००९ पासून नवं घर देणाऱ्या प्रत्येकाला एकतर ठरावीक रक्कम सरकारकडे अनामत ठेवणं किंवा दोषांचा विमा काढणं बंधनकारक केलं. विमा घराला सर्वसाधारणपणे २ कोटी येनपर्यंत असतो. बांधणारा जागेवर असेल तर दुरुस्ती तोच करतो आणि विमा त्याला खर्चाचा मोठा हिस्सा देतो. तो दिवाळखोर झाला असेल तर घरमालक थेट विमा कंपनीकडे जातो. आमच्या फाइलचं पहिलं पान आणि जपानची २००५ ची गोष्ट शेजारी ठेवून वाचा, फरक फक्त शेवटच्या पानात आहे.

फ्रान्समध्ये तर १९७८ च्या कायद्यापासून दुहेरी व्यवस्था आहे. बांधणाऱ्या प्रत्येकाला दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा. त्याशिवाय बांधून घेणाऱ्याने काम सुरू होण्याआधी स्वतंत्र विमा काढायचा, जो पुढे घर घेणाऱ्याकडे जातो. या दुसऱ्या विम्यात चूक कोणाची हे ठरेपर्यंत घरमालकाला ताटकळत ठेवत नाहीत. दोष विम्यात बसतो की नाही हे कंपनीने ६० दिवसांत सांगायचं, भरपाईचा प्रस्ताव ९० दिवसांत द्यायचा, आणि मग ठेकेदार, वास्तुविशारद, त्यांच्या विमा कंपन्या यांच्याशी भांडत बसायचं. भांडण ताकदवानांनी आपापसात करावं आणि राहणाऱ्याचं छप्पर आधी नीट व्हावं, हा क्रम मला फार पटला. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे.

मात्र विमा नावाला आणला तर काय होतं याचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरबांधणीचा विमा बऱ्याच वर्षांपासून सक्तीचा आहे, पण तो मुख्यतः बांधणारा मेला, बेपत्ता झाला किंवा दिवाळखोर झाला तरच मिळतो, आणि तीन मजल्यांपेक्षा उंच इमारतींना त्यातून वगळलेलं आहे. सिडनीतली मॅस्कॉट टॉवर्स ही १३२ सदनिकांची इमारत २००८ ची. जून २०१९ मध्ये भेगा दिसल्या म्हणून तिथल्या सगळ्यांना एका रात्रीत बाहेर काढलं. उंच इमारत असल्याने त्यांना हा विमा लागूच नव्हता. त्याआधी २००१ मध्ये एचआयएच ही तिथली मोठी विमा कंपनी बुडाली तेव्हा तिच्या भरवशावर असलेल्या हजारो घरांचं संरक्षण एका दिवसात गेलं आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. आपण उशिरा सुरुवात करतो आहोत, तर निदान या दोन चुका तरी टाळून करू.

पण पैशापेक्षाही मला या विम्याची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दहा वर्षांची जोखीम जी कंपनी स्वतःच्या डोक्यावर घेते ती डोळे मिटून घेत नाही. जिथे हा विमा चालतो तिथे अनेक ठिकाणी विमा कंपनी स्वतःचा तांत्रिक तपासनीस नेमते. तो मातीचा अहवाल वाचतो, आरसीसीचे नकाशे तपासतो आणि पाया भरताना, स्लॅब भरताना साइटवर उभा राहतो. त्याचं समाधान झालं नाही तर पॉलिसीच निघत नाही. तो बिल्डरचा पगारी नाही आणि महापालिकेचाही नाही. चूक झाली तर त्याच्या कंपनीचे पैसे जाणार आहेत, म्हणून तो पाहतो.

२०१६ च्या कुठल्यातरी दुपारी आमच्या लिफ्टशेजारचा कॉलम भरला गेला. तिथे मुकादम होता, मिक्सरवाले होते, व्हायब्रेटर धरणारा पोरगा होता. साच्यात वाकून "कव्हर ब्लॉक कुठे आहेत?" एवढं विचारणारा एक माणूस असता तर काम दहा मिनिटं थांबलं असतं. त्या दहा मिनिटांची किंमत आज ५४ लाख आहे.

माझा धाकटा भाऊ साताऱ्याजवळ गावी राहतो. त्याने गेल्या वर्षी स्वतःच्या जागेवर घर बांधायला काढलं. ठेकेदार ओळखीचा, मटेरियलसह चौरस फुटाच्या दराने काम, शंभर रुपयांच्या स्टँपवर चार ओळींचा करार. स्लॅब भरल्यावर पाचव्या दिवशी ठेकेदाराने टेकू काढले, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू किमान सात दिवस ठेवायचे, त्यापुढे चौदा दिवस. हॉलचा गाळा पाच मीटरचा. स्लॅब मध्ये बसला, आता पावसात तिथे डबकं साचतं. त्याच्यासाठी रेरा नाहीच, कारण तो विकायला बांधत नव्हता. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांनाही नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी इमारती नेमक्या त्याच मापाच्या असतात. भावाला ग्राहक आयोगात जाता येईल, गृहबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा आहे आणि दोन वर्षांची मुदत आहे. पण ठेकेदार त्याच गावचा. दोन्ही घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं आहे, ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नात भावाने पंगतीत वाढलं होतं. तो तक्रार करणार नाही. विमा असता तर त्याला माणसाशी भांडावं लागलं नसतं, दावा दाखल करून दुरुस्ती झाली असती.

महाडची तारिक गार्डन आठवा. २४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळ. पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली, १६ माणसं गेली. इमारतीला दहा वर्षंही झालेली नव्हती. बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या सगळ्यांना उद्या शिक्षा झाली तरी वाचलेल्या कुटुंबांना घर त्यातून मिळत नाही. फौजदारी खटला आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच वर्षांची मर्यादा का पुरत नाही हेही महाड सांगतं. सळईचा गंज ताब्याची तारीख बघून दिसत नाही. आमचा चौथ्या वर्षी दिसला. कॉलमवर टाइल्स लावलेल्या असत्या तर सहाव्या किंवा सातव्या वर्षी दिसला असता, आणि मग आमच्या हातात तो निष्फळ आदेशही नसता.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरणही तुमच्यासमोर आहे. खोट्या बांधकाम परवानग्या, त्यावर मिळवलेली महारेराची नोंदणी, त्यावर मिळालेली कर्जं, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे पाडण्याचे आदेश. कलम १६ मध्ये मालकी हक्काचा विमाही आहे. स्वतःचे पैसे अडकणार म्हणून कागद तपासणारी एक तिसरी संस्था नोंदणीआधी मध्ये असती, तर त्यातली खोटी परवानगी पहिल्याच फेरीत पकडली जाण्याची शक्यता किती वाढली असती याचा विचार करावा.

म्हणून माझी विनंती अशी आहे. कलम १६ खालची अधिसूचना काढा, आणि ती काढताना "बांधकामाचा विमा" म्हणजे केवळ काम चालू असतानाचा विमा असा अर्थ ठेवू नका. तसं झालं तर ठेकेदाराची ती नेहमीची पॉलिसी फाइलला लावून पूर्तता दाखवली जाईल आणि आमच्या हातात पुन्हा काही येणार नाही. ताब्यानंतर दहा वर्षं पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि गच्ची व बाह्य भिंतींची गळती यांना संरक्षण हवं. विमाधारक सोसायटी असावी. दोष कोणाचा हे ठरण्याआधी दुरुस्ती व्हावी आणि कंपनीने वसुली नंतर करावी. मुदती दिवसांत लिहाव्यात. मजल्यांची मर्यादा नको. तपासनीसाचे साइटवरचे अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर टाकणं सक्तीचं करावं, म्हणजे सदनिका घेणाऱ्याला मॉडेल फ्लॅट पाहण्याआधी ते वाचता येतील.

पुनर्विकासात जुन्या सभासदांनाही तोच हक्क हवा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांत विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायला सांगितलं आहे, पण तिचा रोख काम पूर्ण होण्यावर आहे. नव्या इमारतीत राहायला गेल्यानंतर सातव्या वर्षी काय, याचं उत्तर त्यात नाही. छोट्या प्रकल्पांसाठी आणि माझ्या भावासारख्या स्वतः बांधणाऱ्यांसाठी साधी, स्वस्त, लहान पॉलिसी असावी आणि बांधकाम परवानगीच्या वेळीच ती उपलब्ध असल्याचं ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत सांगितलं जावं.

विमा प्राधिकरणाला माझी वेगळी विनंती आहे. गृह रक्षासाठी तुम्ही सगळ्या कंपन्यांना एकच मसुदा लावला, तसाच मसुदा बांधकाम दोषांच्या विम्यासाठी तयार करा. सामान्य माणसाला दहा कंपन्यांची बारीक अक्षरं तुलना करून वाचता येत नाहीत. आणि ही जोखीम एका कंपनीच्या खांद्यावर राहू नये. आपल्याकडे २००२ मध्ये दहशतवादाच्या जोखमीसाठी आणि २०१५ मध्ये अणुऊर्जेच्या जोखमीसाठी विमा कंपन्यांचे सामायिक निधी (इन्शुरन्स पूल) उभे राहिले आहेत. घराची जोखीम त्यांच्याइतकी विचित्र तर नक्कीच नाही.

बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना म्हणतील की हप्त्याने घरं महागतील. हा मुद्दा मी हलका समजत नाही, कारण आमच्या इमारतीतल्या अर्ध्या लोकांनी दीड-दोन लाख कमी पडले म्हणून घर घेणं दोन वर्षं लांबवलं होतं. पण सदनिकेमागे १ लाख ६९ हजार आम्ही आत्ता भरतो आहोतच. हाही हप्ताच आहे, फक्त नुकसान झाल्यावर भरायचा आणि बदल्यात काहीही संरक्षण न मिळणारा. विमा असेल तर हप्ता सगळ्यांत वाटला जातो आणि ज्याचं काम चांगलं त्याला तो कमी बसतो. ज्याच्या तीन इमारती गळल्या आहेत त्याला विमा कंपनी जास्त दर लावील किंवा दारात उभं करणार नाही. प्रामाणिकपणे बांधणाऱ्यांचा यात फायदाच आहे, आणि असे पुष्कळ जण आहेत. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. विम्याचा हप्ता त्याच खात्यातून, काम सुरू होण्याआधी भरला जाईल अशी तरतूद करता येईल.

या विम्याचा आमच्या इमारतीला उपयोग होणार नाही हे मला माहीत आहे. मागच्या तारखेने पॉलिसी निघत नाही. उरलेल्या कॉलमचं काम आम्ही यंदाच्या दिवाळीनंतर, वर्गणी जमेल तसं करणार आहोत. पण आमच्या समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीची खोदाई सुरू झाली आहे आणि सदनिकांचं बुकिंग चालू आहे. गेल्या रविवारी एक तरुण जोडपं आमच्या गेटपाशी थांबून विचारत होतं, इथे पाणी कसं आहे, शाळा जवळ आहे का. मी त्यांना पाण्याचं आणि शाळेचं सांगितलं. तुमच्या इमारतीला दहा वर्षांचा विमा आहे ना, ते बिल्डरला विचारा, असंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "असा विमा असतो?"

इंजिनिअरांचे अहवाल, तपासणीसाठी काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्यांचे (कोअर) निकाल, पॉलिसीच्या प्रती, सगळा पत्रव्यवहार आणि आदेश असं सगळं माझ्याकडे एका फाइलमध्ये लावलेलं आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी ती घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे. आपले अधिकारी इथे आले तर कॉलमही दाखवीन. एक अजून उघडाच ठेवलेला आहे.

आपली विश्वासू,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
जि. ठाणे